कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतोय ते शोधा

“कॉम्प्युटर सुरूच होत नाही” असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो: बटण दाबल्यावर नेमकं काय काय होतं? पंखा फिरतो का? दिवा लागतो का? स्क्रीनवर काही उमटतं का, की सगळं शांत? अर्धं निदान या उत्तरातच असतं. “सुरू होत नाही” या तीन शब्दांत चार अगदी वेगळे आजार लपलेले असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मशीन मुळातच वीज घेत नाही. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. कंपनीचा लोगो येतो आणि गाडी तिथेच थांबते. किंवा विंडोज उघडायला लागतं आणि मध्येच कोसळतं.

हे चार टप्पे का पडतात, ते कळण्यासाठी बटण दाबल्यानंतरचा क्रम माहीत हवा. बटण दाबलं की मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) हिरव्या वायरीवरून एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीला, इशारा देतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे उभे करतो आणि ते स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत राखाडी वायरीवरून “वीज ठीक आहे” असा निरोप परत धाडतो. तोपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. निरोप आला की प्रोसेसर बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमधला प्राथमिक प्रोग्रॅम, चालवू लागतो आणि बायोस रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड यांची हजेरी घेतं. या हजेरीला पोस्ट म्हणतात. ती पार पडली की बूट होण्याजोगी, म्हणजे विंडोज सुरू करू शकणारी, डिस्क शोधली जाते, तिच्यावरचा बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) उचलला जातो आणि मग विंडोजची पाळी येते.

मशीन ज्या पायरीवर थांबलं, तिच्या आधीच्या पायऱ्या पार पडलेल्या असतात. लोगो नीट दिसत असेल तर एसएमपीएस, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांनी निदान आपलं प्राथमिक काम केलेलं आहे, तेव्हा तिथे रॅम घासत बसण्यात अर्थ नाही. उलट स्क्रीन पहिल्या क्षणापासून काळी असेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही, कारण विंडोजपर्यंत मशीन पोचलेलंच नाही. हे इतकं ठासून सांगतो, कारण “फॉरमॅट मारून बघू” या घाईत लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब गेलेले मी पाहिले आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मशीनचा बिघाड डिस्कमध्ये नव्हताच.

हात लावण्याआधी

शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं, हे विचारा. नवी रॅम, अपडेट, टेबल हलवणं, वीज अचानक जाणं, आतली साफसफाई, काहीही. मशीनमध्ये अशा फायली आहेत का, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, हेही आत्ताच विचारून घ्या. उत्तर “हो” असेल तर पुढचा प्रत्येक निर्णय त्या फायली जपूनच घ्यायचा.

कॅबिनेट उघडताना प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेली वीज निघून जाईल. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, आणि काम चालू असताना अधूनमधून करत राहा. आपल्याला जाणवतही नाही इतकी स्थिर विजेची ठिणगी रॅमच्या चिपला पुरेशी असते. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका. तिच्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यानंतरही जिवावर बेतेल इतकी वीज धरून ठेवू शकतात.

आणि एका वेळी एकच बदल. रॅम काढली, केबल बदलली, बायोस रीसेट केलं आणि मशीन चालू झालं, तर नक्की कशाने झालं? आठवड्याने तोच त्रास परत आला की तुम्ही पुन्हा शून्यावर. कागदावर दोन ओळी लिहित गेलात तरी खूप वेळ वाचतो.

बटण दाबलं, काहीच नाही

सुरुवात भिंतीपासून. त्याच सॉकेटमध्ये दुसरं एखादं उपकरण लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीत जोडा. पॉवर केबल बदला. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच सरळ रेघेच्या बाजूला दाबलेला आहे का बघा, साफसफाईनंतर तो बंद राहणं हे फार नेहमीचं आहे. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा सरकवायचा लाल स्विच असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ११५ वर असेल तर एसएमपीएस जळतो, म्हणून त्याला सहज हात लावू नका.

आता बाजूची पत्र्याची झडप काढून मदरबोर्डकडे बघा. अनेक बोर्डांवर प्लग लावल्याबरोबर एक बारीक दिवा लागतो. तो लागला असेल तर एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारा) पुरवठा जिवंत आहे. अशा वेळी संशय आधी बटणावर घ्या. बोर्डच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनेलच्या वायरी लागतात, त्यात पॉवर स्विचच्या दोन पिना असतात. नेमक्या कोणत्या, ते बोर्डच्या पुस्तिकेत असतं आणि बहुधा बोर्डवरही छापलेलं असतं. ती वायर काढून दोन्ही पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करा. मशीन चालू झालं तर बटण खराब आहे. नवं कॅबिनेट घ्यायची काहीच गरज नाही: रीसेट बटणाची वायर काढून त्या दोन पिनांवर लावा, रीसेट बटण पॉवर बटण होऊन जातं. दोन पैशांचाही खर्च नाही आणि वर्षानुवर्षं चालतं.

पिना जोडूनही काही नाही, तर एसएमपीएस. सगळ्या भागांपासून त्याच्या वायरी सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर स्टेपलरच्या पिनेएवढ्या तारेच्या तुकड्याने जोडा आणि मग मागचा स्विच चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान सुरू होतोय. हल्ली अनेक एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे अंदाजाने मोजत बसू नका, चुकीच्या टोकापासून मोजलं तर ५ व्होल्टची पिन ग्राउंडच्या पिनेला जोडली जाईल. कनेक्टरचं चित्र समोर ठेवा किंवा एसएमपीएस टेस्टर वापरा. काही एसएमपीएसचा पंखा भार कमी असताना मुद्दाम बंद राहतो, म्हणून नुसत्या पंख्यावर निकाल देऊ नका.

मल्टिमीटर असेल तर निकाल जास्त खात्रीचा. डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी काडी काळ्या वायरीला. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची मुभा. जांभळ्या वायरीवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. जांभळी मेलेली असेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही, एसएमपीएस बदला. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: भार नसताना अचूक आकडे दाखवणारा एसएमपीएस प्रत्यक्ष प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचा भार आला की मान टाकू शकतो. म्हणून चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं ही शेवटची आणि सगळ्यात पक्की कसोटी.

चालू होतं आणि लगेच बंद पडतं

एका सेकंदात पंखे हलून थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय, हा माझा पहिला अंदाज असतो. सगळं काढा: ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पुढच्या यूएसबी आणि ऑडिओच्या वायरी. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याला थंड ठेवणारा कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच ठेवा. या अवस्थेत चालू राहिलं तर एकेक भाग परत जोडत जा, ज्याला जोडल्यावर बंद पडेल तो गुन्हेगार.

पुढचे यूएसबी पोर्ट यात अनेकदा सापडतात आणि ते कुणाच्या मनातही येत नाही. पेन ड्राइव्ह उलटा खुपसल्याने आतली जीभ मोडते, पिना एकमेकींना टेकतात आणि अख्खं मशीन बंद. काही बोर्ड अशा वेळी यूएसबीवर जास्त प्रवाह जातोय असा इशारा स्क्रीनवर देऊन १५ सेकंदांत बंद होतात. म्हणून “पंधरा सेकंदांनी बंद पडतं” असं कुणी अचूक सांगितलं की मी आधी यूएसबीच बघतो.

एवढं करूनही सुटलं नाही तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यातली एखादी जास्तीची खुंटी चुकीच्या जागी राहिली असेल तर ती बोर्डच्या मागच्या सोल्डरच्या डागांना टेकते. पुठ्ठ्यावर चालू झालं तर दोष कॅबिनेटच्या आत आहे. बोर्डसोबत येणाऱ्या चंदेरी पिशवीवर मात्र ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो.

अर्धा-एक मिनिट चालून बंद होत असेल तर कूलर बघा. त्याची एक खुंटी सुटलेली असेल किंवा प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून दगड झाली असेल तर प्रोसेसर बघता बघता १०० अंशांकडे जातो आणि मशीन स्वतःहून बंद होतं.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त मशीन इथे अडतात आणि सगळ्यात जास्त चुकीचे भागही इथेच बदलले जातात, म्हणून इथे सावकाश जा.

आधी मॉनिटर. तो स्वतः चालू आहे का, त्याचा इनपुट योग्य पोर्टवर आहे का? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डच्या पोर्टला लावलेली हवी. मदरबोर्डच्या पोर्टला लावून “डिस्प्ले गेला” म्हणणारे खूप भेटतात. मग कीबोर्डवर नम लॉक दाबा. त्याचा दिवा दर दाबण्याला लागत-विझत असेल तर मशीन आतून जागं आहे आणि बिघाड फक्त चित्राच्या वाटेवर आहे. दिवा ढिम्म असेल तर पोस्टच अडली आहे.

बोर्ड स्वतः काय सांगतोय ते ऐका. नव्या बोर्डांवर चार छोटे दिवे असतात, प्रोसेसर, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट या नावांचे. जो लागून राहतो तिथे गाडी अडली. जुन्या बोर्डांवर बीप वाजतात, पण त्यासाठी छोटा स्पीकर जोडलेला हवा. बीपचा अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून कुठेतरी वाचलेला तक्ता न लावता आपल्या बोर्डची पुस्तिका बघा. स्पीकर जोडलेला असताना सगळी रॅम काढून मशीन चालू करण्याची एक जुनी युक्ती आहे. रॅम नसल्याची तक्रार करणारे बीप आले तर प्रोसेसर आणि बोर्ड बऱ्यापैकी जिवंत आहेत, कारण तक्रार करायलाही कुणीतरी जागं लागतं.

आता रॅम. वीज बंद, प्लग बाहेर. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून रॅम सरळ वर काढा. सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर असेल तर मऊ, पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रबराचा एकही कण स्लॉटमध्ये जाता कामा नये. परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकं “कट्” आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम दिसायला बसल्यासारखीच दिसते, खिट्टी पूर्ण मिटली का ते डोळ्यांनी बघा. एकाच रॅमने सुरुवात करा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकटी रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते. एक रॅम सगळ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम सगळ्या स्लॉटमध्ये, असं क्रमाने फिरवलं की दोष रॅमचा की स्लॉटचा ते वेगळं होतं.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचं मशीन नव्याने जोडलं असेल तर आणखी एक सूचना. पहिल्यांदा चालू करताना, किंवा बायोस रीसेट केल्यावर, बोर्ड रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं घालवतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. चहा ठेवा, परत या.

रॅमने काम झालं नाही तर बायोसच्या सेटिंग पुसा. प्लग काढून बोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, पाचेक मिनिटांनी बॅटरी परत लावा. काही बोर्डांवर यासाठी जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा बटण असतं. बॅटरी ३ व्होल्टची असते, मल्टिमीटरवर अडीचच्या खाली उतरली असेल तर नवी घाला. बॅटरी मेली म्हणून मशीन सहसा अडत नाही, पण तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटवर सुरक्षेच्या तक्रारी करू लागतो. सेटिंग पुसण्याआधी एक विचार करा: डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं संरक्षण, लावलेलं असेल तर या बदलानंतर विंडोज रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांब क्रमांक) मागू शकतं. ती हाताशी आहे ना?

मग ग्राफिक्स. वेगळं कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टमधून डिस्प्ले येतो का बघा. हे करण्याआधी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ हे अक्षर असतं त्यात ते नसतं. एएमडीच्या रायझन ५००० आणि त्याआधीच्या मालिकांत जी अक्षर नसलेल्या बहुतेक डेस्कटॉप मॉडेलमध्येही नसतं. अशा मशीनवर मदरबोर्डचा पोर्ट कायमचा मुका असतो. कार्डला स्वतंत्र वीज लागत असेल तर ती वायर पूर्ण बसली आहे का बघा. स्लॉटमधून कार्डला ७५ वॉटपर्यंतच मिळतात. ६ पिनांची वायर आणखी ७५ आणि ८ पिनांची १५० देते, त्याशिवाय मोठं कार्ड उठणार नाही. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी १२ व्होल्टची वायर विसरली तरी हेच लक्षण दिसतं: पंखे फिरतात, बाकी अंधार.

प्रोसेसर स्वतः जळणं दुर्मीळ आहे. त्याच्यावर संशय शेवटी घ्या, अपवाद एकच: मशीन नुकतंच जोडलंय किंवा कूलर काढला होता. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर वाळलेल्या पेस्टने कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटबाहेर उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून कूलर काढण्याआधी शक्य असेल तर मशीन थोडं गरम करा आणि कूलर सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. बोर्ड जुना असेल तर कपॅसिटरच्या टोप्या बघा. त्या सपाट हव्यात. फुगलेल्या असतील किंवा तपकिरी द्रव पाझरला असेल तर कारण सापडलं. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत निकृष्ट कपॅसिटरमुळे हा प्रकार जगभर झाला होता. बायोस अपडेट करताना वीज गेली असेल तर बोर्ड टाकून देऊ नका, मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. पेन ड्राइव्हवर योग्य फाइल ठेवून ते दाबलं की प्रोसेसरशिवायही बायोस परत भरता येतं.

लॅपटॉप असेल तर

चार्जर काढा, सुटणारी बॅटरी असेल तर तीही काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. इतकं साधं असूनही हा उपाय चकित करण्याइतक्या वेळा चालतो, कारण चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप अडकून बसलेली असते. यूएसबी-सी चार्जर असेल तर तेवढ्याच वॉटचा दुसरा लावून बघा, मोबाइलच्या चार्जरने मोठा लॅपटॉप बऱ्याचदा उठत नाही.

दिवे लागतात पण स्क्रीन काळी असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलाय. बाहेरचा मॉनिटर जोडून चित्र आलं तर स्क्रीन किंवा तिची केबल. झाकण ठरावीक कोनात असतानाच चित्र येत असेल तर केबलच.

टचपॅड वर उचललेला दिसतो, तळ टेबलावर सपाट बसत नाही, अशी चिन्हं असतील तर बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबू किंवा टोचू नका, आणि ती जाणकाराकडून काढून घ्या. या एका बाबतीत “बघू उद्या” नको.

लोगो येतो, पुढे गाडी नाही

सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, प्रिंटर काढून पुन्हा चालू करा. मशीन पेन ड्राइव्हवर विंडोज शोधत बसलेलं असू शकतं. तरीही “बूट डिव्हाइस सापडत नाही” असा संदेश असेल तर चालू होतानाच डिलीट किंवा एफ२ वारंवार दाबून बायोस उघडा आणि डिस्क यादीत आहे का एवढंच बघा.

यादीत नाही? साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) बदला, दुसऱ्या पोर्टला लावा. एम.२ एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी पट्टीसारखी डिस्क) असेल तर काढून परत बसवा. अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाददोन साटा पोर्ट बंद होतात, नवी एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क गायब होण्याचं कारण बहुधा हेच. यादीत आहे पण बूट होत नाही? बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे का बघा. बायोस रीसेट झालं असेल तर यूईएफआय आणि लेगसी या बूटच्या नव्या-जुन्या पद्धतींची अदलाबदल झालेली असू शकते. साटा मोड (बोर्डची डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेला असेल तर विंडोज “इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस” म्हणत कोसळतं. मोड पूर्वीचा केला की सगळं जागेवर, एक फाइलही न हरवता.

आता हार्ड डिस्कचा आवाज. टिक-टिक, खरवडणं, पुन्हापुन्हा फिरून थांबणं ऐकू आलं तर तिथेच थांबा. पुन्हा चालू करू नका, चेक डिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. मरणाऱ्या डिस्कवर चेक डिस्क चालवणं म्हणजे मोडक्या पायाला पळायला लावणं, आणि फ्रीजमधून काढल्यावर आत दव धरतं. फायली अमूल्य असतील तर बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच द्या. आवाज नाही पण डिस्क मंद, अडखळत चालते, तर दुसऱ्या मशीनवर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून आतल्या डिस्कशिवाय मशीन चालतं) बनवून त्यावरून हे मशीन चालू करा. स्मार्टच्या अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) रीअलोकेटेड किंवा पेंडिंग, म्हणजे खराब किंवा संशयित, सेक्टरचा आकडा वाढत असेल तर जीडीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करा.

विंडोज उघडता उघडता कोसळतं

डिस्क धडधाकट आहे याची खात्री झाली की मगच इकडे या. विंडोजचं चक्र दिसू लागताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. नाही आला तर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून “रिपेअर युवर कॉम्प्युटर” निवडा.

माझा क्रम असा असतो: आधी स्टार्टअप रिपेअर. मग, बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर “अनइन्स्टॉल अपडेट्स”. मग सिस्टीम रिस्टोअर, ज्यात विंडोज आधीच्या स्थितीत जातं पण तुमच्या फायलींना हात लागत नाही. मग सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांसह उघडणारं विंडोज. सेफ मोडमध्ये विंडोज नीट उघडलं तर दोष बाहेरून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा आहे, नुकतंच जे टाकलं ते काढा.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर फलक थांबले, रुग्णालयांची कामं खोळंबली. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याचा. पण जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागली, आणि ती शोधण्यातच कित्येक तास गेले. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. की बहुधा त्याच खात्यात ऑनलाइन जमा असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा.

बूटच्या फायलीच बिघडल्या असतील तर दुरुस्तीच्या पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीबूट ही आज्ञा विंडोजच्या फोल्डरचा पत्ता देऊन चालवली की त्या नव्याने लिहिल्या जातात. सावध राहा: दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी तिथे डी असू शकतो. आधी फोल्डर उघडून खात्री करा. काळ्या पडद्यावर नुसता माउसचा बाण दिसत असेल तर कीबोर्डवरची विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

“रीसेट धिस पीसी” मध्ये फायली ठेवण्याचा पर्याय असतो, पण टाकलेले प्रोग्रॅम जातात. म्हणून लाइव्ह पेन ड्राइव्हवरून फायलींची प्रत काढल्याशिवाय तो दाबू नका. कोऱ्या विंडोजची पाळी त्याच्याही नंतर. तिथे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर डिस्क खराब समजू नका, इंटेलच्या अनेक नव्या मशीनवर व्हीएमडी या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर आधी द्यावा लागतो.

कधी होतं, कधी नाही

सगळ्यात छळणारा प्रकार हा. सकाळी थंड असताना दोन-तीन प्रयत्न लागतात आणि एकदा चालू झालं की दिवसभर उत्तम, असं असेल तर म्हाताऱ्या झालेल्या एसएमपीएसवर माझा पहिला संशय असतो. “शट डाउन” केल्यावर दुसऱ्या दिवशी अडतं पण “रीस्टार्ट” नेहमी चालतं, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. ते चालू असताना शट डाउन पूर्ण नसतं, विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी तोच वितळवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं.

मशीन सुरू झाल्यावर लगेच झडप लावून मोकळे होऊ नका. सगळ्यात आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी एकेक रॅम वेगळी तपासा, कारण “थोडीशी खराब” रॅम फायली गुपचूप बिघडवत राहते. सकाळी चुकांची यादी कोरी असेल तर स्मार्टचा अहवाल पुन्हा एकदा बघा, बायोसमधली तारीख-वेळ नीट करा, बिटलॉकरची की कागदावर उतरवून मशीनपासून वेगळ्या जागी ठेवा. मग झडप लावा.